कॅम्परसाठी हिटर: दोन किलोवॉटचाच घ्या

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, लडाखला न्यायच्या कॅम्परमध्ये (पिकअपच्या हौद्यावर बसणाऱ्या झोपायच्या खोलीत) डिझेल हिटर बसवण्याबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात, "पाच किलोवॉटचा घेऊन टाकू, मोठा असलेला बरा." डिझेल हिटरला हे लागू पडत नाही. दोनचाच घ्या.

हिशेब असा. कॅम्परच्या भिंती, छत आणि तळ मिळून साधारण २० चौरस मीटर. २५ मिलिमीटरचा एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा, थर्मोकोलसारखा पण कडक) लावलात, तर बाहेर उणे ७ आणि आत १८ अंश ठेवायला भिंतींतून जेमतेम ६०० वॉट उष्णता निसटते. खिडक्या, फटी, छतावरची झडप धरून दुप्पट केली तरी १,२०० वॉट. दोनचा हिटर मधल्या आचेवर निवांत चालेल. पाचचा मात्र आत शिरताच खोली तापवतो आणि मग रात्रभर सगळ्यात मंद आचेवर धुमसत राहतो. मंद आचेवर डिझेल पुरतं जळत नाही, आतल्या चुलीत काजळी धरते आणि एके दिवशी हिटर पेटतच नाही. (स्वस्तातल्या हिटरच्या खोक्यावर '८ किलोवॉट' दिसलं तर हुरळून जाऊ नका, आत पुष्कळदा पाचचाच असतो.)

उंचीवर हेच दुखणं वाढतं. पंप डिझेल मोजून टाकतो, त्याला हवा विरळ झाल्याचा पत्ता नसतो. लेह ३,५०० मीटरवर; तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश, पँगाँगला त्याहून कमी. म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, धूर काळा. म्हणून उंचीप्रमाणे डिझेल कमी करण्याची सोय असलेलंच मॉडेल घ्या. पुण्यात ५६० मीटरवर चाचणी घेऊन यातलं काही कळणार नाही, सिंहगडावर नेलात तरी तेराशेच. शिवाय तिकडे रोज वीस-तीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा, काजळी जळून जाते.

आई, तू गॅसची शेगडी लावायचं म्हणत होतीस. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आतच राहतं. पहाटे गाद्या ओल्या आणि काचेवरून ओघळ. घरगुती गॅसमध्ये ब्यूटेनही असतो, त्याची वाफ शून्याच्या खाली जवळजवळ होतच नाही. शेगडी चहापुरती ठेव, तीही झडप उघडून. विजेचा हिटर तर नकोच: हजार वॉटचा आठ तास म्हणजे ८ युनिट, आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी देते सव्वा युनिट. डिझेल हिटरला रात्रभरात १५ अँपिअर-अवर पुरतात.

आता बसवणं. कॅम्पर पिकअपवरून उतरवायचा आहे, म्हणून तळातून हौद्याला भोक पाडू नका. बाजूच्या भिंतीत, हौद्याच्या कडेच्या वर, बाहेरूनच उघडणारा कप्पा करून घ्या. आतल्या बाजूने पत्र्याने आणि सीलंटने पूर्ण बंद. हिटर आणि दहा लिटरची टाकी त्यात, टाकीच्या हवेची नळी बाहेर काढलेली. रात्रीला दीड लिटर धरा, सहा रात्री निघतात. जळणाची हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी, दोन्ही नळ्या भिंतीतून थेट बाहेर. धुराची नळी स्टीलची, फोम-लाकडातून जाते तिथे भोवती धातूची बाही, आणि तोंड खिडकी-दाराच्या विरुद्ध बाजूला, किंचित खाली झुकलेलं. हवेच्या नळीचं तोंड तिच्यापासून लांब, नाहीतर हिटर स्वतःचाच धूर ओढतो.

डिझेलची नळी बारीक भोकाची, कडक नायलॉनची घ्या. रबरी जोडात दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. मध्ये मोकळी जागा राहिली की तिथे बुडबुडा साठतो, तो पुढे सरकला की ज्योत विझते. पंप आडवा नको, त्याचं बाहेरचं तोंड वर करून तिरका लावा.

वायर तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून आणाल, तेव्हा ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याचीच मागा. पेटताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेने लाल होणारी कांडी) दहा अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी चार मीटरवर असली तर जाऊन-येऊन आठ मीटर. ४ स्क्वेअरमध्ये ०.४ व्होल्टही पडत नाही, दीड स्क्वेअरमध्ये जवळजवळ एक व्होल्ट पडतो. बॅटरी गारठलेली असली तर घात व्हायला तेवढं पुरतं: प्लग लाल होत नाही, पांढरा धूर येतो, हिटर बंद पडतो. आणि बंद करताना बटणानेच. मेन स्विच ओढलात तर गार करणारा पंखा थांबतो आणि आतली सर्किट भाजून निघते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच मागवा, उशाशी लावा. डोकं दुखणं, मळमळ, थकवा ही विरळ हवेचीही लक्षणं आहेत आणि या वायूचीही. तिकडे दोघांपैकी कुणाचंही डोकं दुखलं तर "हवा लागली असेल" म्हणून झोपून राहू नका. अलार्म गप्प असला तरी आधी दार उघडा, हिटर बंद करा, बाहेर या.

फॅब्रिकेटरकडे भिंत कापायला देण्याआधी मला तीन फोटो पाठवा: पिकअपच्या हौद्याची कड, कॅम्परची खिडकी आणि आतलं सोफ्याखालचं खोकं. हिटरचा गरम हवेचा डक्ट ६० मिलिमीटरचा असतो, तो खोक्यातून कमीत कमी वळणांत आईच्या पायांशी निघायला हवा.

तुमची,
धाकटी