एक गाडी, दोन हवा : महाडच्या मिस्त्रीकाकांस आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

माझी यामाहा आरएक्स १०० ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आपण मे महिन्यात हाती घेतलीत. त्यानंतर पावसाळा सरला, महाबळेश्वरला थंडी पडू लागली, तरी गाडीची तक्रार अशी काही उरलेली नाही. गाडी नेताना मी आपले आभार मानले होते. परंतु आपण नेमके काय केले आहे हे तेव्हा मला पुरते उमगले नव्हते. आता ते उमगले आहे, आणि जुन्या कार्बोरेटरच्या (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाड्या अजूनही जिवापाड सांभाळणाऱ्या इतरांनाही ते कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे घर महाडच्या बाजूला आणि नोकरी महाबळेश्वरला, त्यामुळे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गाडी समुद्रसपाटीजवळच्या दमट हवेतून सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत जाते आणि तशीच परत उतरते. घाटात कमी ॲक्सिलरेटरवर वळणे घेताना ती गुदमरत असे, प्लग काळा पडत असे. उलट मुंबई-गोवा महामार्गावर पूर्ण ॲक्सिलरेटरने थोडा वेळ चालवली की इंजिन तापून ओढ कमी होत असे. एकाने सांगितले की जेट (कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा) लहान करा, दुसऱ्याने सांगितले की मोठा करा, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, हीच खरी अडचण होती.

आपण लगेच जेटला हात लावला नाहीत, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. आधी एअर फिल्टर, मग कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला कोठे चीर गेली आहे का, मग पेट्रोलचा कॉक, आणि त्यानंतरच कार्बोरेटर उघडला. कमी ॲक्सिलरेटरवर पेट्रोल पुरवणारा पायलट जेट उजेडासमोर धरून आपण मला त्याचे छिद्र दाखवलेत. त्याची कड गोल नव्हती, एका बाजूला ओरखडा पडून ती फाकली होती, कारण पूर्वी कोणीतरी ते तारेने साफ केले होते. अशा जेटवर कोरलेला नंबर वाचण्यात अर्थ नसतो, हे आपण एका वाक्यात सांगितलेत आणि मूळ नंबरचा नवा पायलट जेट बसवलात. घाटातली निम्मी तक्रार तिथेच संपली.

पूर्ण ॲक्सिलरेटरवर पेट्रोल पुरवणाऱ्या मेन जेटची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती, आणि आपल्या हिशेबी डोक्याला माझा खरा नमस्कार आहे तो त्यासाठी. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनत होती, तेव्हा तिला साधे पेट्रोल मिळत असे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. परंतु इथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असल्यामुळे त्याला ९ किलो हवा पुरते. त्यामुळे २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा किलोच हवा हवी असते, म्हणजे जुन्या जेटवर हे मिश्रण सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारे, होते. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. हवा घटली की जेटमधून ओढले जाणारे पेट्रोलही घटते, पण तितक्या प्रमाणात नाही, म्हणून तेच मिश्रण वर गेल्यावर सुमारे सहा टक्के रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. थोडक्यात, वरती उंचीने जवळजवळ सगळे भरून निघत होते आणि कंपनीचा जेट बरोबर वाटत होता. खाली मात्र गाडी उपाशी पळत होती.

आपण म्हणालात की वर त्रास आहे, पण धोका खाली आहे. टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर लीन चालले तर पिस्टन जाम होऊ शकतो, आणि रिच चालले तर फार तर धूर होतो आणि पेट्रोल जास्त जाते. म्हणून मेन जेट आपण खालच्या रस्त्यासाठी एक पायरी मोठा निवडलात, आणि तोही मे महिन्यातल्या तापलेल्या, पातळ हवेवर विसंबून नव्हे, तर डिसेंबरच्या पहाटेची घट्ट हवा गृहीत धरून. घाटातली वाहतूक बहुतेक अर्ध्या ॲक्सिलरेटरवरच होते, तेथे नीडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा, अंमल असतो, म्हणून नीडलची क्लिप एक खाच वर घेऊन, म्हणजे सुई किंचित खाली सोडून, मधल्या टप्प्यातले पेट्रोल किंचित कमी केलेत. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चक्कर, हा आपला नेम मला त्या दुपारी कंटाळवाणा वाटला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लगचा रंग मुळातच फिका येतो, त्यामुळे मिश्रण बरोबर असल्याची विटकरी रंगाची जुनी खूण आता पुरेशी नाही, हेही आपण सांगितलेत. पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवून, क्लच दाबून इंजिन बंद केल्यावर आपण प्लगच्या भोकातून बॅटरी मारून पिस्टनचा माथाही पाहिलात. या कामासाठी निराळे पैसे मागितले नाहीत, ही गोष्ट मी येथे मुद्दाम नोंदवतो.

वर मुक्काम असला की कमी ॲक्सिलरेटरवरची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पाव फेरा बाहेर आणि खाली उतरल्यावर पुन्हा आत, ही आपली सूचना मी पाळतो. तेवढ्याने स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरची इंजिनाची चाल, स्थिर राहतो. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करावा, हेही पाळले. जुलैमध्ये सुट्टीनंतर एकदा काचेच्या बाटलीत ते पेट्रोल काढले, तेव्हा तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता.

फ्लोट चेंबरचे गॅस्केट आता फुगल्यासारखे दिसते आहे आणि स्क्रू काढताना एका बाजूने चिकटते. येत्या रविवारी खाली येणार आहे, तेव्हा गाडी आपल्याकडे आणतो. जुना मेन जेटही कागदात गुंडाळून ठेवला आहे, तो सोबत आणीन.

आपला कृतज्ञ,
आंबेनळी घाटाचा एक नेहमीचा प्रवासी