‘सायबरपंक’ दुरुस्त झाला, पण एवढं कौतुक कशाचं?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. पडलेला गेम कंपनीने परत कसा उभा केला, तीन वर्षं कशी चिकाटी दाखवली, बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं, असा एकूण सूर. गेम आज चांगला आहे याबद्दल माझा वाद नाहीच, मी तो ‘फँटम लिबर्टी’ या नंतर आलेल्या जोडभागासकट पूर्ण खेळलोय आणि मिशन बाजूला ठेवून गेममधल्या नाइट सिटी या शहरात रात्री नुसती गाडी फिरवत बसण्यात माझे कितीतरी तास गेलेत. पण गेम चांगला असणं वेगळं आणि तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडला डोक्यावर घेणं वेगळं.

लेखात एक वाक्य आहे, ‘सुरुवातीला काही बग होते’. काही बग? १० डिसेंबर २०२० ला गेम आला आणि जेमतेम आठवड्यात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला, लोकांना पैसे परत दिले. एवढ्या मोठ्या गेमच्या बाबतीत असं कोणी ऐकलं होतं का आधी? जून २०२१ मध्ये तो परत आला तेव्हाही साध्या प्लेस्टेशन ४ वर अजून अडचणी येतात अशी सूचना सोबत होती.

आणि हे नुसतं घाईत झालं असं मला वाटत नाही. रिलीजच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली, कन्सोलची (टीव्हीला जोडायच्या गेम मशीनची) नाही, आणि रिव्ह्यूच्या व्हिडिओत स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेजही वापरू दिलं नाही, त्यामुळे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेमची काय अवस्था आहे हे लोकांना कळलं ते पैसे गेल्यावरच. नोव्हेंबरमध्ये याच कंपनीचे वरिष्ठ सांगत होते की जुन्या कन्सोलवर गेम छान चालतो. तोवर प्री-ऑर्डर (आगाऊ खरेदी) जमतच होत्या, रिलीजच्या दिवसापर्यंत ८० लाख, आणि त्यातनं गेमचा पूर्ण खर्च निघाला असं कंपनीनेच नंतर जाहीर केलं. मग गडबड उघडी पडल्यावर डिसेंबरमध्येच गुंतवणूकदारांपुढे कबूल केलं की जुन्या कन्सोलसाठी अजून वेळ हवा याचे इशारे आम्ही दुर्लक्षित केले. पण जानेवारीत सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी माफीचा व्हिडिओ काढला त्यात म्हणाले की यातले बरेच प्रॉब्लेम टेस्टिंगमध्ये दिसलेच नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील ते मला तरी अजून समजलेलं नाही.

आता ते ‘पुनरागमन’. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २.० अपडेट आलं, पोलिसांची यंत्रणा बदलली, पर्क्स (पात्राची कौशल्यं) बदलले, गाडीतून गोळीबार आला, सगळं मान्य. पण ते प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन वर आलंच नाही! फँटम लिबर्टीही नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात खराब गेम मिळाला नेमके तेच लोक या सुधारणेतून बाहेर राहिले, त्यांना चांगला गेम खेळायचा तर नवीन मशीन घ्या. आणि फँटम लिबर्टी काही फुकट नव्हतं, ३० डॉलर. तरी २०२२ ला स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर ‘लेबर ऑफ लव्ह’ पुरस्कार यांनाच, २०२३ ला द गेम अवॉर्ड्समध्ये ‘बेस्ट ऑनगोइंग गेम’ पण यांनाच. पूर्ण पैसे घेऊन अर्धवट दिलेली वस्तू नंतर पूर्ण करून देणं हे देणं फेडणं झालं, त्याला प्रेमाचे कष्ट कसं म्हणायचं?

कष्ट कोणी केले हेही लेखात कुठे नाही. २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं होतं की जादा काम कोणावर लादणार नाही, आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्टुडिओच्या प्रमुखाचा ईमेल गेला, आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं. जादा कामाचे पैसे दिले हे खरं आहे. पण मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, रिलीजच्या तोंडावरचे असे आठवडे मी काढलेत, शेवटी शेवटी स्क्रीनवर समोर असलेली चूकसुद्धा दिसत नाही आणि घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतात, ते पैशात मोजता येत नाही. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे फँटम लिबर्टी यायच्या दोनच महिने आधी, याच कंपनीने साधारण १०० जणांना कमी करणार असं जाहीर केलं. उभं राहण्याची गोष्ट लिहायची तर ती या लोकांचीही आहे ना.

बरं याच कंपनीच्या आधीच्या ‘द विचर ३’ गेमच्या वेळी मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की कंपनी असावी तर अशी, त्या प्रेमापोटीच लोकांनी न बघता ८० लाख प्री-ऑर्डर केल्या आणि तोच विश्वास वापरला गेला, याचा राग जास्त आहे.

‘द विचर ४’ ची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झालीच आहे. तो येईल तेव्हा आपल्या समीक्षकाला एकच विनंती, गेम कुठल्या मशीनवर खेळलात आणि कुठल्या मशीनवर खेळायला मिळाला नाही, हे परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदातच छापा.

आपला,
एक नियमित वाचक