गोलीला पत्र

प्रिय गोली,

चार महिने झाले, ना फोन ना पत्र. तुझ्या बदलीचा मेसेज आला होता, त्यावर मी नुसता अंगठा दाखवला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. नसतील तर आधी त्या उरकून घे. माझा गुडघा तसाच आहे, बाकी तब्येत ठीक.

रविवारी आम्ही, म्हणजे मी शिकवतो ती पोरांची फुटबॉल टीम, हरलो. पाच-शून्य. हरण्याचं मला फार वाटत नाही, आपण दोघं मिळून जितके हरलोय तितके कुणी खेळलेही नसतील. पण त्यातला तिसरा गोल झाल्यापासून मला धड झोप नाही. घरी सांगायला गेलो तर "अहो, पंधरा वर्षांची पोरं आहेत ती" म्हणून विषय संपवला गेला. तो गोल तुलाच कळेल, कारण तो तुझाच आहे.

आमचा गोली, म्हणजे टीमचा गोलकीपर, उंच आहे, लांब हातांचा. क्रॉसला बाहेर येतो तेव्हा पुढचे दोघं आपोआप बाजूला होतात. एकास एक असला तर दहातले सात तरी अडवतो. हातानं चेंडू फेकला तर थेट मधल्या रेषेपर्यंत. पाय मात्र तुझे. म्हणजे चालायला बरे, चेंडूला लावायला नाहीत. आणि मी त्याला गेले तीन महिने शिकवतोय की गोलकिक छोटी घ्यायची. दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, बॉक्समध्ये दोन बाजूंना उभे, सहा नंबरचा मिडफिल्डर समोर, आणि पासपास करत वर जायचं. आपल्या वेळी चेंडू बॉक्सबाहेर गेल्याशिवाय कुणाला पाय लावता येत नव्हता, आठवतं ना? २०१९ला तो नियम बदलला आणि माझ्यासारख्या हौशी प्रशिक्षकांच्या डोक्यात वारं शिरलं.

तर, दोन-शून्य मागे. पोरानं चेंडू तळव्याखाली धरला. समोरचे दोन स्ट्रायकर वाकून उभे, मांजर उभं राहतं तसे. दोन्ही स्टॉपर अडकलेले. त्यानं वर बघितलं, आमचा उजवा विंगर मधल्या रेषेवर एकटा हात वर करून उभा होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी ओरडलो, "छोटा! छोटा खेळ!" त्यानं सहा नंबरला दिला, सहा नंबरची पाठ समोरच्या गोलकडं. पहिल्याच स्पर्शात चेंडू गेला, आणि त्या पोरांनी तो जाळ्यात जवळजवळ चालत नेला. आमचा गोली चेंडू काढायला आत गेला तो तिथंच जाळी धरून उभा राहिला. हातमोजे काढले, परत घातले, परत काढले.

हेही एक वेळ चाललं असतं. खरं सांगायचं ते पुढं आहे. दुसऱ्या अर्धात एकदा त्यानं माझं ऐकलं नाही. सरळ लांब मारला, वेडावाकडा, पण त्या विंगरच्या पुढ्यात. विंगर एकटा निघाला, फटका पोस्टला लागला. अख्ख्या मॅचमधली आमची एकच संधी. आणि मी काय केलं असेन? टचलाइनवर जाऊन ओरडलो, "तुला सांगितलंय काय, तू करतोस काय!"

वाक्य ओळखलंस? आपल्या प्रशिक्षक सरांचं. शब्दन् शब्द. हात कमरेवर होते का, ते आठवत नाही. बहुतेक असणार.

तेव्हापासून मी तुझ्यावर केलेला एकेक विनोद मला उलटा येऊन लागतोय. आठव, ऑगस्ट २०२५. तुझी मँचेस्टर युनायटेड चौथ्या पातळीवरच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर १२-११नं हरली, आणि त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक अमोरिम डगआउटमध्ये वाकून छोट्या बोर्डावर चुंबकं सरकवत बसला होता. मी तुला तो फोटो सात वेळा पाठवला. "तीन-चार-तीन, तीन-चार-तीन, लग्न केलंय का त्या आकड्याशी?" असं त्याच्या त्या एकमेव मांडणीवरून विचारलं. तू चिडून म्हणालास की दोष खेळाडूंचा, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये हाच माणूस हेच खेळवून दोनदा लीग जिंकला. मी म्हणालो, तिथं विंग-बॅक, म्हणजे कडेनं बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे, होते, इथं विंगर होते आणि विंग-बॅक नव्हते. रॅशफर्ड आणि गार्नाचोला उभं करायला त्या आकड्यात जागाच नाही. ब्रूनो दहा नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरच्या मागं खेळणारा, त्याला खाली ओढून मधल्या दोघांत बसवलं. आदल्या मोसमात पंधरावा क्रमांक, ४२ गुण, आणखी काय होणार. रविवारी अर्ध्या वेळेत पोरं पाणी पीत होती आणि मी बोर्ड मांडीवर घेऊन चुंबकं सरकवत होतो. चारची तीन, तीनची चार. पोरांकडं मान वर करून बघितलंच नाही.

टॉटनहॅमकडून हरलात ती बिलबाओची युरोपा लीग फायनलही तुझ्या जखमेवर मी बरीच चोळली आहे, पण आता तिचा माझ्यासाठी वेगळाच अर्थ निघतोय. टॉटनहॅमचा तेव्हाचा प्रशिक्षक पोस्टेकोग्लू म्हणजे जन्मभर "आम्ही असंच खेळतो" म्हणणारा माणूस. हाय लाइन, म्हणजे बचावफळी पार वर, दहा जण राहिले तरी हाय लाइन. त्या रात्री मात्र एक गोल मिळाल्यावर त्यानं सगळी टीम बॉक्ससमोर आणून बसवली, त्यांच्या स्टॉपर फान डे फेननं गोलरेषेवरून हवेत पाय टाकून चेंडू काढला, आणि कप घेऊन गेले. स्वतःची पद्धत गुंडाळून ठेवून जिंकला, आणि सोळा दिवसांत नोकरी गेली, कारण लीगमध्ये सतरावा आला होता. आता यातून मी नेमकं काय शिकायचं, सांग.

तू म्हणशील, पोरांना शिकव, सगळं शिकता येतं. तुझा तो प्रशिक्षक बिएल्साचा मुद्दा मी विसरलेलो नाही. दोन तास भांडलो होतो त्यावर, बिल मी दिलं होतं. मान्य करतो, आता तो मुद्दा मला जास्तच टोचतो. लीड्स इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेरावी आली होती. २०१८ला हा माणूस आला, जवळजवळ तीच पोरं घेतली, आणि पहिल्या वर्षी तिसरा, दुसऱ्या वर्षी चॅम्पियन. कॅल्विन फिलिप्स मैदानभर पळणारा मिडफिल्डर होता, त्याला डिफेन्ससमोर रोवला, तर तो इंग्लंडकडून खेळला. म्हणजे "खेळाडू पद्धतीला साजेसे नाहीत" हे कितपत खरं आणि कितपत आळस, हा प्रश्न आहेच. पण बिएल्साला पोरं रोज मिळत होती. मला आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, त्यातही चार जणांची शिकवणी आणि दोघांचे बूट घरी विसरलेले.

आणि उलट बाजूला प्रशिक्षक आन्चेलोट्टी. तरुणपणी इटलीच्या पार्मात असताना त्याला चार-चार-दोनचं इतकं वेड की १९९७ला बाज्जोसारखा दहा नंबर यायला तयार होता, यानं नको म्हटलं, माझ्याकडं दहा नंबरला जागा नाही म्हणून. बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल मारले. पुढं हाच माणूस मिलानमध्ये पिरलोला बाकी मिडफिल्डरांच्या मागं उभं करून २००३ला चॅम्पियन्स लीग जिंकला. म्हणजे अक्कल आली. पण बाज्जो घालवून आली. माझा बाज्जो कोण, हे मी रविवारपासून शोधतोय. पोस्टला चेंडू मारणारा तो विंगर असावा. त्याला मी तीन महिने "मागं ये, पायात घे" म्हणून सतावतोय, आणि त्या पोराला आयुष्यात एकच गोष्ट येते, मोकळ्या जागेत धावणं. स्टॉपर दोघंही उंच आणि संथ, त्यांना मी मधल्या रेषेपर्यंत वर चढवतो. नऊ नंबरला लांब चेंडूवर पळायला आवडतं. कुणीही बाहेरचा माणूस पाच मिनिटं बघून सांगेल की ही टीम मागं बसून झपकन निघणारी आहे. मलाही पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मग का केलं? शिकवायचं म्हणून, हे अर्धं खरं. बाकीचं अर्धं हे की आपण कधी असं खेळलो नाही, आणि मला एकदा माझ्या टीमला तसं खेळताना बघायचं होतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

आता ते दुसरं. तू कधी विचारलं नाहीस, पण तुला शंका असणारच. त्या सेमीफायनलला सरांनी तुला बसवलं आणि दोन नंबरच्या भावाला उभं केलं, कारण त्याला पायानं खेळता येत होतं. मी तुला सांगितलं, सरांनी ठरवलं, मला काय माहीत. खोटं. सरांनी मला आदल्या दिवशी मैदानाबाहेर गाठून विचारलं होतं, "कॅप्टन, तुला काय वाटतं?" आणि मी म्हणालो, "बघा सर, तो पायानं जरा कच्चाच आहे." एवढंच म्हणालो. सरांना एवढंच हवं होतं. मग ते सहा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की गोलीचा स्वभावच तसा. रविवारी त्या पोराला जाळी धरून उभं बघितलं तेव्हा मला आधी तो दिसला नाही, तू दिसलास. बाकावर, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेला.

(इथं पत्र फाडणार असशील तर थांब. पुढं तुझ्या फायद्याचं आहे.)

हार्टवरून आपण किती भांडलो होतो. २०१६ला प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला मँचेस्टर सिटीत आला, दोन लीग जिंकून देणाऱ्या गोली जो हार्टला थेट तोरिनोला पाठवलं आणि पायानं खेळणारा ब्रावो आणला. तू पेटला होतास, "गोलीचं काम गोल अडवणं!" मग ब्रावो बार्सिलोनात गोल सोडून बाहेर आला, चेंडू समोरच्या टीमच्या सुआरेझला दिला, आणि बॉक्सबाहेर हातानं अडवून लाल कार्ड घेऊन गेला. त्या रात्री तू मला रात्री दोनला फोन करून हसलास. पुढच्या वर्षी पायानं खेळणारा एडरसन आला, त्यानंतर सिटीचे लीगमध्ये १०० गुण झाले, आणि मी तुला परत फोन करून हसलो. पण २०२५ बघ. पॅरिसचा प्रशिक्षक लुईस एन्रिके चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या गोली दोनारुम्माला बाहेर बसवतो, त्याला वेगळ्या प्रकारचा गोली हवा म्हणून. लिव्हरपूलच्या अॅनफिल्डला पेनल्टी कुणी अडवल्या, तर यानंच. आणि या टाकलेल्या माणसाला उचलतो कोण? पेप! एडरसन जातो आणि दोनारुम्मा येतो. त्याच महिन्यात आर्सेनलच्या मैदानावर पेपची टीम मागं बसून बचाव करत होती, चेंडू त्यांच्याकडं जेमतेम तेहतीस टक्के. मी ती मॅच बघितली आणि तुला मुद्दाम फोन केला नाही. नऊ वर्षांनी का होईना, तुझा मुद्दा जिंकला हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. घे, आता लिहूनच दिलं.

तुझं काय चाललंय? नवीन जागी रुळलास का, साहेब कसा आहे, पोरीच्या परीक्षेचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांचं ते पुस्तक माझ्याकडंच आहे, हेही सांग. चार नंबर भेटला होता, टक्कल पडलंय, पण डोक्यानं खेळायची हौस गेलेली नाही.

येत्या रविवारी पुन्हा मॅच आहे. मी अजून ठरवलेलं नाही. एक मन म्हणतं, चार-चार-दोन लाव, लांब मार, विंगरला पळू दे. दुसरं म्हणतं, तीन महिन्यांची मेहनत पाच गोल खाल्ले म्हणून टाकायची तर पोरांनी माझं पुढं कशाला ऐकावं. मंगळवारच्या सरावाला मी गोलीला एवढंच म्हणालो, "समोर दोघं आले तर लांब मार. एकच आला तर छोटा दे. ठरव तू." त्यानं विचारलं, "सर, खरंच मी ठरवू?" मी हो म्हटलं. दहा गोलकिक घेतल्या, दहाही लांब मारल्या. एकदाही समोर कोण आहे ते बघितलं नाही. माझ्याकडंही नाही.

त्याला आता माझं काही सांगून उपयोग नाही, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकायला हवं. बाहेर कधी यायचं, कधी थांबायचं, बाकावर बसवलं तर काय करायचं, हे मला येत नाही. तुला येतं. शनिवारी दुपारी सराव आहे. ये. रागावून आलास तरी चालेल, ते भांडण मैदानाबाहेर करू. हातमोजे घेऊन ये. पाय घरी ठेवलेस तरी हरकत नाही.

तुझा,
आठ नंबर