डेंग्यूचा ताप आणि मोबाईलवरची औषधं

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज तेच. गिऱ्हाईक डॉक्टरची चिठ्ठी काढत नाही, मोबाईल पुढे करतं, त्यावर कुठल्यातरी व्हिडिओचा स्क्रीनशॉट आणि वर "हीच द्या". ताप असला की डेंग्यूची धास्ती आणि मागणी ठरलेली, पपईच्या पानांच्या गोळ्या आणि अंगदुखीवर काहीतरी स्ट्राँग.

पपईच्या गोळ्या विकून मला चार पैसे मिळतात हे आधीच सांगतो. त्याने प्लेटलेट जरा लवकर वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण पेशंटचा जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. निदान तेवढं तरी व्हिडिओवाल्यांनी सांगावं की नाही!

खरी भीती दुसऱ्या मागणीची आहे. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही घ्यायचं नसतं, रक्तस्राव वाढू शकतो. साधी पॅरासिटामॉल, तीही प्रमाणात. पण बाजारात पॅरासिटामॉलबरोबर हीच औषधं मिसळलेल्या गोळ्या भरपूर आहेत, स्ट्रिपवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय, व्हिडिओत फक्त ब्रँडचं नाव ऐकलेलं असतं. बरं, घरातल्या आजोबांना हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी आधीच चालू असेल तर व्हिडिओवाल्याला ते कुठून कळणार? आता लोक रिपोर्टचा फोटो एआयला पण टाकतात. टाका, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला उपयोग होतो, पण तुम्ही जे सांगितलंच नाही ते त्यालाही माहीत नसतं.

आणि सगळ्या घराचं लक्ष त्या प्लेटलेटच्या आकड्यावर. दीड लाखाच्या खाली आला की रडारड, ग्रुपवर "अर्जंट प्लेटलेट हवेत" चे मेसेज, त्यातले कित्येक जुने, तारीखच नसते, फोन लावला तर समोरचा वैतागतो. सरकारी गाइडलाइनप्रमाणे रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट चढवायचा विचार करतात, 80 हजारला नाही. डेंग्यूत पेशंट खालावतो तो मुख्यतः रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर पाझरून बीपी पडल्यामुळे. आणि हे होतं कधी, तर बहुतेकदा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायला लागला की! घरचे म्हणतात चला बरं वाटतंय, काढ्याने गुण आला. त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, पेशंट एकदम गळून जाणं किंवा बेचैन होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ हॉस्पिटल गाठायचं. नेटवर शोधायचंच तर हे शोधा ना. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साइटवर हे सगळं फुकट आहे, फक्त त्याला म्युझिक नाही म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

मी स्वतः बघतो ते एवढंच, सांगणारा कोण, तारीख कधीची, आणि खाली तोच माणूस काही विकतोय का. विकत असेल तर मी पुढचं ऐकत नाही (माझ्याबद्दलही खुशाल तोच नियम लावा).

आता तुमच्याकडे एक तक्रार. पेपरच्या वेबसाइटवर "या पानाचे सात फायदे" टाइप बातम्या येतात, खाली डॉक्टरचं नाव नाही, आणि लोक मला म्हणतात पेपरमध्ये आलंय. तेवढं बंद करा. त्यापेक्षा जुलै ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा वरची धोक्याची लक्षणं मोठ्या टायपात चौकटीत छापा, खाली डॉक्टरचं नाव आणि तारीख टाका. मी ती कापून काउंटरच्या काचेवर लावतो, तालुक्यातले बाकीचे मेडिकलवालेही लावतील, मी बोलतो त्यांच्याशी.

आपला नेहमीचा वाचक,
एक मेडिकलवाला, जि. सातारा