घामातील पेप्टाइड आणि संगणकाची चाळणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवरील आपल्या अंकातील लेख वाचला. नवी औषधे आता संगणकच शोधून देईल, असा त्याचा एकंदर सूर होता. त्याविषयी रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक म्हणून थोडे लिहितो.

जंतुनाशक पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आपले शरीर स्वतःच तयार करते. लाळेतील हिस्टॅटिन हे त्यांपैकीच एक. (फोडावर शिळी थुंकी लावायला सांगणाऱ्या आमच्या आजीला हे ऐकून बरे वाटले असते; पण लाळेत जंतूही असतात, तेव्हा तो प्रयोग नको.) पांढऱ्या पेशींतील एलएल-३७ या पेप्टाइडाचा क्रम मी वहीत उतरवून मोजला: लायसिन ६ व आर्जिनिन ५ ही धनभारित अमिनो आम्ले मिळून ११ धन भार, त्याविरुद्ध ५ ऋण भार, म्हणजे निव्वळ भार अधिक ६. जंतूचे आवरण ऋणभारित असल्याने अशी साखळी त्याला चिकटते आणि ते फोडते. संगणक हीच मोजणी हजारो साखळ्यांसाठी करतो आणि पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले साखळीच्या मळसूत्री वेटोळ्याच्या एकाच अंगाला येतात का, हेही पाहतो.

घोळ पुढेच आहे. मे महिन्यात आपल्या यंत्रमाग कामगारांच्या अंगावरून जो घाम निथळतो, त्यात डर्मसिडिन हे असेच एक पेप्टाइड असते, हे २००१ साली उघड झाले. त्याच्या ४८ अमिनो आम्लांच्या तुकड्यात धन भार ७ आणि ऋण भार ९, म्हणजे निव्वळ उणे २. तरीही तो जंतू मारतो. केवळ धन भाराच्या चाळणीने चाळले असते, तर हे पेप्टाइड कोंड्याबरोबर बाहेर पडले असते. संगणकाला शिकवताना ‘निरुपयोगी’ म्हणून दिलेल्या साखळ्याही बहुतेकदा तपासलेल्या नसतात, निरुपयोगी मानून घेतलेल्या असतात.

अशा पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ हा माहितीसंग्रह मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तयार केला असून तो विनामूल्य पाहता येतो. सोलापुरातील महाविद्यालयांनी पदवीच्या प्रकल्पांसाठी त्याचा जरूर उपयोग करावा. आपणास विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी छापताना ते पेप्टाइड प्रत्यक्ष जंतूंवर तपासले होते का आणि त्याने माणसाच्या तांबड्या पेशी फुटल्या का, हे दोन प्रश्न विचारून उत्तरेही छापावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर