कोटेशनमधली रक्कम नंतर, मोटर आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भांडुपमध्ये गाड्या धुण्याचे वॉशिंग सेंटर काढू पाहणारी मुले पाण्याचा जोरदार फवारा मारणाऱ्या यंत्रांची कोटेशन्स मला दाखवायला आणतात. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात पंपदुरुस्ती करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून. मुले कष्टाळू आहेत, पण पुरवठादार निवडताना प्रत्येकाची नजर पहिल्यांदा कागदाच्या तळाशी, रकमेवर जाते. ती आधी मोटरच्या एचपीवर, म्हणजे ताकदीवर, जायला हवी.

परवाच्या एका कोटेशनवर ‘१५० बार, मिनिटाला १५ लिटर, ३ एचपी, सिंगल फेज’ असे छापले होते. हे होऊच शकत नाही. बार म्हणजे पाण्याचा दाब. बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॉट येतात. १५० गुणिले १५ म्हणजे २२५०. भागिले ६०० केले की पावणेचार किलोवॉट. म्हणजे नुसत्या पाण्यालाच ५ एचपी लागतात, पंपात आणि पट्ट्यात जाणारी शक्ती वेगळी. ३ एचपीवर तेवढा दाब आणि तेवढे पाणी एकाच वेळी कधीच मिळणार नाही. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर त्याच्याकडून यंत्र का घ्यावे? आणि माहीत असेल तर मुळीच घेऊ नये. खरे तर गाडी धुवायला १०० बारच्या आसपासचा मारा पुरतो. त्याहून जोराचा फवारा जवळून मारला तर गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग उखडतो.

पंपाचे आकडे खरे निघाले तरी पाणी गळू न देणारी आतली सील झिजणारच, तो दोष नव्हे. टाकी रिकामी होऊन पंप कोरडा फिरला की सील जळतात. खाडीलगतच्या बोअरचे पाणी खारे, त्याने व्हॉल्व्हही खराब होतात. या धंद्याची कमाई शनिवार-रविवारची. तेव्हा सील किट मुंबईतच, नागदेवी स्ट्रीटच्या यंत्रसामानाच्या बाजारात मिळते की परदेशातून येईपर्यंत थांबायचे, यावर सेंटर चालते किंवा बंद पडते. आमच्या शेजारच्या मुलाने आयात केलेला पंप घेतला. पैसे पोचेपर्यंत विक्रेता रोज फोन करी. पंप गळू लागल्यावर त्याचा मेकॅनिक फिरकलाच नाही. ऐन मे महिन्यात पंप झाकून ठेवावा लागला, हप्ता मात्र चालूच. म्हणून त्याच विक्रेत्याचे यंत्र जिथे वर्ष-दोन वर्षे चालू आहे अशा सेंटरवर आधी जावे आणि मालकापेक्षा तिथे गाड्या धुणाऱ्या मुलांशी बोलावे. यंत्र कधी अडते, कशाने अडते, हे त्यांनाच ठाऊक असते.

जो विक्रेता भाव सांगण्याआधी विचारतो की पाणी पालिकेचे, टँकरचे की बोअरचे, थ्री फेज जोडणी आहे का, तेल-चिखलाचे पाणी गटारात जाण्याआधी गाळ अडवायला टाकी बांधली आहे का, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

बँकांनाही एक कळकळीची विनंती आहे. मुद्रा कर्जात यंत्राची रक्कम बहुधा कोटेशनवरून थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा होते. मग चालू स्थितीतला दाब आणि पाणी, मोटर, सुट्या भागांचे दर आणि मेकॅनिक किती तासांत येणार, हे कोटेशनवर लिहून घेतल्याशिवाय शाखेने रक्कम सोडू नये. यंत्र चालले तरच हप्ता येईल.

आणि फसलेल्या मुलांनी ‘धंद्याच्या यंत्राला ग्राहक कायदा लागत नाही’ असे ऐकून गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी कोटेशन, पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावे.

– एक निवृत्त पंप फिटर, भांडुप (पश्चिम)