दुसरा नोड न तपासताच दिलेल्या तपासणी अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन नोडच्या क्लस्टरची हार्डवेअर तपासणी पुन्हा करून मिळणेबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेला क्लस्टर (एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून जोडलेले दोन सर्व्हर, म्हणजेच नोड) आपल्याच अभियंत्यांनी बसवला आणि ‘दोन्ही नोडचं कॉन्फिगरेशन तपासलं, एकसारखं आहे’ असा सहीनिशी अहवाल दिला. त्यावर विसंबून गेल्या शनिवारी रात्री पहिल्या नोडचं फर्मवेअर बदलण्यासाठी आम्ही सगळ्या सेवा दुसऱ्या नोडवर हलवल्या. स्टोरेजवर लॉगिन झालं, डिस्क दिसल्या आणि डेटाबेस सुरू होता होता जो अडकला तो अडकलाच. पावणेदोन तास आमचं काम ठप्प होतं.

त्या वेळात आपल्या मदत कक्षाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: हार्टबीट चालू आहे, म्हणजे क्लस्टर ठीक आहे, लॉग पाठवा. हार्टबीट म्हणजे ‘मी चालू आहे’ असं नोड एकमेकांना कळवतात तो संदेश; त्याचं पॅकेट इवलंसं असतं, ते जाणारच. अडत होती ती मोठी पॅकेट. शेवटी सेवा परत पहिल्या नोडवर आणल्या आणि मीच शोधायला बसलो. पॅकेटचे तुकडे करू नयेत असं सांगून स्टोरेजकडे ८९७२ बाइटचा पिंग (पोहोच तपासणारं पॅकेट) टाकला. हेडरचे २८ बाइट धरून तो बरोबर ९००० होतो. पहिल्या नोडवरून लगेच उत्तर आलं, दुसऱ्यावरून एकही नाही. नोडवर आणि स्टोरेजवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, ९००० बाइट आहे, पण दुसरा नोड ज्या स्विच पोर्टला जोडलाय तो १५०० वरच राहिलाय. स्विचही आपल्याच माणसाने लावला होता.

मग बाकीचंही पाहिलं. दुसऱ्या नोडमधली रॅम सगळी एकाच प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये कोंबलेली आहे, दुसऱ्या प्रोसेसरचे स्लॉट रिकामे. एकूण आकडा दोन्हीकडे जुळतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही कळणार नाही; स्लॉटनिहाय यादी काढली की पहिल्याच पानावर दिसतं. बायोसमधलं पॉवर सेटिंगही वेगळं निघालं.

इथवर चूक म्हणून समजून घेतलं असतं. पण त्यानंतर आपला अहवाल पुन्हा उघडला. ‘नोड १’ आणि ‘नोड २’ या दोन्ही पानांवर मशीनचा अनुक्रमांक एकच आहे, तपासणीची वेळ सेकंदापर्यंत तीच आहे. दोन मशीनचा अनुक्रमांक एक असूच शकत नाही. म्हणजे पहिल्याच नोडचं पान दुसऱ्यांदा जोडलं, वरचं नाव बदललं आणि खाली सही केली. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. केबल चुकते, सेटिंग राहून जातं, ते सुधारता येतं. न केलेल्या तपासणीवर सही कशी काय होते?

आपला अभियंता प्रत्यक्ष येऊन दोन्ही नोड वेगवेगळे तपासून जावा. प्रत्येक कमांडचं मूळ आउटपुट आम्हाला मिळावं, टाइप केलेला तक्ता चालणार नाही. त्यानंतर आमच्यासमोर दोन्ही दिशांनी फेलओव्हर (एका नोडवरच्या सेवा दुसऱ्यावर जाणं) करून दाखवावा, आणि तोही डेटाबेसवर खरा भार असताना. यासाठी वेगळं शुल्क आम्ही देणार नाही. जुना अहवाल कोणी, कशाच्या आधारे दिला याचा लेखी खुलासाही हवा.

सोबत दोन्ही पानांच्या प्रती आणि माझ्या चाचण्यांचं आउटपुट जोडलं आहे. तूर्त दुसरा नोड आम्ही सेवेतून काढला आहे. दोन मशीनचे पैसे भरून एकाच्या भरवशावर दिवस काढतो आहोत. सात दिवसांत उत्तर द्यावं.

आपला,
सर्व्हर व्यवस्थापक